लॅमिनेट केलेला संप

माझ्या हातून आयुष्यात एकच मोठा गुन्हा घडला आणि तो आमच्या मराठी मंडळाच्या लॅमिनेटरवर घडला. हा लॅमिनेटर डेट्रॉईटजवळ नोव्हायला आमच्या घरी गराजमध्ये असतो, कारण दर वर्षी गणपतीच्या पाट्या करायचं काम माझ्याकडे असतं. ‘पार्किंग मागे’, ‘चपला इथे’, ‘मोदक माणशी एक’. शेवटची पाटी कुणी वाचत नाही, पण अजून कोरी करकरीत आहे.

लॅमिनेशनवर माझी श्रद्धा होती. देवावर आहे त्यापेक्षा थोडी जास्तच. अमेरिकेला निघाले तेव्हा वडिलांनी माझे सगळे दाखले सांगलीच्या बसस्टँडसमोर नेऊन लॅमिनेट करून आणले होते. त्यात देवीची लस टोचल्याचा कागद होता आणि वक्तृत्व स्पर्धेतलं उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा. आमच्या पिढीत महत्त्वाचा कागद प्लास्टिकमध्ये जायचा आणि बाकीचे रद्दीत.

पुढे नोकरीही अशीच मिळाली. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मी तीस वर्षं डॉक्युमेंट कंट्रोल सांभाळलं. म्हणजे कुठल्या ड्रॉइंगची कुठली आवृत्ती चालू आहे आणि जुनी कुणाच्या टेबलाखाली लपून बसली आहे हे शोधून लोकांना छळायचं. त्यात मी तरबेज होते. मी रिटायर झाले त्याच आठवड्यात ऑफिसने कागद ठेवायची लोखंडी कपाटं भंगारात काढली. मला ते बघवेना, म्हणून मी ‘फुकट, घेऊन जा’ अशी जाहिरात टाकली. खरखरीत आवाजाच्या एका बाईचा फोन आला. चारही कपाटं हवीत, पण आणून कोण देणार? मी म्हटलं, माझा नवरा देईल. नवऱ्याला हे नंतर कळलं.

भाड्याची व्हॅन घेऊन आम्ही डेट्रॉईटमध्ये शिरलो. हायवे सोडल्यावर नवऱ्याने दारं लॉक केली. ती आधीच लॉक होती, पण त्याने पुन्हा बटण दाबलं. मला हसायची सोय नव्हती, कारण माझाही हात माझ्याकडच्या बटणापर्यंत गेला होता.

पत्ता निघाला एका बंद पडलेल्या ब्यूटी पार्लरचा. भिंतीला सहा खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला डोक्यावर ओढायचा घुमटासारखा ड्रायर, कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन, आणि बाकी जिथे जागा मिळेल तिथे खोकी. केसांच्या तेलाचा आणि जुन्या कागदांचा एकत्र वास येत होता. बाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, उंच, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी चाळीस वर्षं ते पार्लर चालवलं होतं. त्या काळात ज्यांचे नवरे, मुलगे, भाऊ तुरुंगात होते त्या बायका केस करून घ्यायला यायच्या आणि जाताना कागदांची एक पिशवी ठेवून जायच्या. घरावर पोलिसांची धाड पडली की आधी कागद उचलले जायचे. पार्लरवर धाड कोण घालणार? असं करता करता मागची खोली भरली, मग पुढची भरली, आणि केस कापायला जागा उरली नाही तेव्हा बाईंनी पार्लर बंद करून तिथे संग्रहालय सुरू केलं. कृष्णवर्णीयांच्या मुक्तीच्या चळवळीवर अभ्यास करणारी कॉलेजची मुलं यायची आणि ड्रायरखाली बसून वाचायची.

नवऱ्याने कपाटं उतरवली. बाईंनी त्यांवरून हात फिरवला, खण ओढून पाहिले आणि मला म्हणाल्या की कपाटं चांगली आहेत, पण त्यांना अक्षरओळख नाही. तुला आहे का? तेव्हापासून दर मंगळवारी मी जायला लागले.

लोक त्यांना ‘मिस’ म्हणत आणि पुढे नाव लावत. मला ते जमेना, म्हणून मी मावशी म्हणायला लागले. त्यांनी अर्थ विचारला. आईची बहीण, मी सांगितलं. तुझ्या आईला मी बहीण म्हणून चालले असते का, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, की नसतं चाललं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मंडळातल्या बायकांना मात्र मी ‘डाऊनटाऊनच्या लायब्ररीत जाते’ एवढंच सांगितलं होतं. त्यावरही ‘एकटी? सेफ आहे का गं?’ झालंच. तुरुंगातल्या संपांचे कागद लावायला जाते असं सांगितलं असतं तर हळदीकुंकवाला तोच एक विषय झाला असता, आणि खरं म्हणजे मीच घाबरट होते.

खोक्यांमध्ये काय नव्हतं? तुरुंगाचा शिक्का बसलेली पत्रं, घरच्या घरी छापलेली पत्रकं, कोर्टाच्या पायऱ्यांवरच्या भाषणांच्या टेप, शाळेआधी मुलांना नाश्ता घालणाऱ्या बायकांच्या बैठकींचे वृत्तांत. रविवारी तुरुंगात भेटीला जाणाऱ्या बसच्या याद्या होत्या, त्यात कोण कुठे बसणार आणि चिकन कोण आणणार हे लिहिलेलं. मी पहिल्या दोन महिन्यांत हे सगळं तारखांनुसार लावलं. मला वाटलं, मावशी खूश होतील. त्यांनी मला ते सगळं परत लावायला लावलं. त्यांची पद्धत अशी, की कागद ज्या बाईने आणून दिला तिच्या नावाने राहायचा. संप कधी झाला ते पुस्तकात मिळेल, पण तो कागद कुणी पदराखाली सांभाळला ते कुठे मिळणार? मला हे तेव्हा अजिबात पटलं नाही. मी तोंड वाकडं करून लावलं.

दुसरा भांडणाचा विषय म्हणजे हात. कुठल्याही कागदाला कुणीही हात लावायचा, हा तिथला नियम. काच नाही, कुलूप नाही, हातमोजे नाहीत. एका विद्यापीठाने सगळा संग्रह मागितला होता. चांगल्या थंड तळघरात ठेवू म्हणाले. मावशींनी नकार दिला. त्यांचं म्हणणं, ज्यांना कोंडलं होतं त्यांचे कागद मी पुन्हा कोंडायला देणार नाही. तिथे तुरुंगातून सुटलेली म्हातारी माणसं यायची, स्वतःचीच जुनी पत्रं काढून वाचायची आणि बाजूला कॉफीचा कप ठेवायची. मी कपाखाली बशी सरकवत फिरायचे.

आणि त्या सगळ्यांत एक पान होतं. मावशींच्या थोरल्या भावाच्या हातचं.

पन्नासेक वर्षांपूर्वी तो उत्तरेकडच्या एका तुरुंगात होता. तिथल्या कारखान्यात कैद्यांना जवळजवळ फुकट राबवून घेत, आणि त्यांनी काम बंद केलं. मागण्यांचं पान लिहायचं काम भावाकडे आलं, कारण त्याचं अक्षर बरं होतं. आम्हाला नंबराने नाही, नावाने हाक मारा. कामाचे पैसे द्या. आजारी माणसाला गोळी देण्याआधी डॉक्टरने त्याच्याकडे बघावं तरी. असं करत करत शेवटी एक मागणी होती, की बीन्स नीट शिजवून द्या. मला आधी वाटलं, यामागे काही खोल अर्थ असेल. मावशी म्हणाल्या, कसला अर्थ, तो घरीसुद्धा जेवणाला नावं ठेवायचा. ते पान मावशींनीच भेटीच्या दिवशी बाहेर काढलं, बारीक घडी करून, उंच बांधलेल्या केसांच्या आत. पहारेकऱ्यांनी पर्स तपासली, बूट तपासले. केसांत हात घालायची त्यांची हिंमत झाली नाही, कारण ते केस बांधायला तीन तास लागले होते आणि मावशींच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

भावाला त्या पानापायी एकांतकोठडीत टाकलं. त्यानंतरच्या एका हिवाळ्यात तो आतच आजारी पडला आणि आतच गेला. डॉक्टरने बघावं ही त्याचीच मागणी होती. त्याची पत्रं घरच्या आगीत गेली होती. त्याच्या हातचं आता हे एकच पान उरलं होतं.

मावशी ते रोज काढायच्या. सकाळी आल्या आल्या कोट काढायच्या, हाताला क्रीम चोळायच्या आणि मग ते पान हातात घेऊन बसायच्या. बहुतेक वेळा उलटं धरलेलं, कोरी बाजू वर. मला वाटायचं, वय झालं, लक्षात येत नसेल. आणि माझा जीव त्या क्रीमवर अडकलेला. बोटांचे तेलकट ठसे त्या कागदावर उमटलेले मला दिसत होते. एकदा मी टिश्यू पेपर पुढे केला. त्यांनी त्याने नाक पुसलं.

त्यातून दर उन्हाळ्यात एक मेळावा असायचा. जुने सुटलेले कैदी, त्यांच्या बायका, नातवंडं असे सगळे जमायचे. मागच्या अंगणात मांस भाजायचे, आणि ते पान हातोहात फिरायचं. एका वर्षी मी स्वतः पाहिलं, पानाच्या कोपऱ्यावर बार्बेक्यू सॉसचा नारिंगी अंगठा. मला रात्रभर झोप लागली नाही असं म्हणणार नाही, पण जेवण गोड लागलं नाही. पुढच्या मेळाव्याच्या आधीच्या मंगळवारी मी ते पान पुठ्ठ्यात घालून घरी नेलं. कुणाला विचारलं नाही. सरप्राइझ द्यायचं होतं.

लॅमिनेटर गरम व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात मी घड्या हलकेच सरळ केल्या. मग पान आत गेलं आणि पलीकडून चकचकीत, ताठ, गुळगुळीत होऊन आलं. एकही बुडबुडा नाही. आमच्या ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, मस्त, आता शंभर वर्षं काही होत नाही. मी कडा कात्रीने गोल कापल्या, कुणाला टोचू नयेत म्हणून. इतकी मी काळजी घेतली.

मेळाव्यात पान बाहेर काढलं तेव्हा आधी सगळे हसले. एकजण म्हणाला, हे तर हॉटेलच्या मेनूकार्डासारखं झालं, बीन्ससुद्धा आहेत. मीही हसले. मग पान मावशींच्या हातात गेलं. त्यांनी ते उलटं केलं. अंगठा मागच्या बाजूवर ठेवून उजवीकडून डावीकडे नेला. पुन्हा नेला. मग खालच्या ओळीवरून, मग आणखी खाली. त्यांचा अंगठा घसरत होता.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

लॅमिनेट केलं, मी म्हटलं. आता काही सांडलं तरी पुसता येईल.

त्यांनी पान माझ्या हातात परत दिलं, आत गेल्या आणि केस धुवायच्या बेसिनपुढच्या खुर्चीत जाऊन बसल्या. मी मागे निघाले तर त्यांच्या भावाबरोबर त्याच बराकीत राहिलेल्या एका म्हाताऱ्याने माझा दंड धरला. मला ‘बेबी’ म्हणाला, माझ्याएवढ्या वयाच्या बाईला, आणि शांतपणे समजावून सांगितलं. मावशींना काचबिंदू आहे. दोन वर्षांपासून त्यांना छापलेलंसुद्धा वाचता येत नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. भाऊ पेन्सिल इतकी दाबून लिहायचा की अक्षरं कागदाच्या मागे उमटायची. मावशी त्या उठावांवरून बोट फिरवून मागूनच त्याला वाचत होत्या.

“तू त्याला पुन्हा आत टाकलंस,” तो म्हणाला. रागाने नाही म्हणाला.

मी दोन वर्षं दर मंगळवारी त्या बाईशेजारी बसत होते. तिला दिसत नाही हे मला कळलं नव्हतं, कारण मी कागदांकडे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाताना गाडीत मी रडले. नवरा ‘अगं, मुद्दाम केलंस का?’ म्हणत राहिला, आणि त्याने मला जास्तच राग आला, कारण मुद्दामच तर केलं होतं.

पुढचे दोन आठवडे मी गराजमध्ये प्रयोग केले. साध्या कागदावर पेन्सिलीने दाबून लिहायचं, लॅमिनेट करायचं, मग सोडवायचा प्रयत्न करायचा. हेअर ड्रायरने, इस्त्रीने, फ्रीझरमध्ये मटारांच्या पिशवीखाली ठेवून. दर वेळी प्लास्टिक सुटलं आणि अक्षरं त्यालाच चिकटून आली. कागद कोरा. मी लिहिलेलं वाक्य दर वेळी तेच होतं, ‘मूर्ख बाई’, आणि ते प्लास्टिकवर सुंदर टिकलं.

मावशी माझ्याशी बोलत होत्या. ते जास्त वाईट होतं. कपाट उघड, दार लाव, त्या मुलाला तिसरं खोकं दे. सकाळी क्रीम लावायच्या आणि हात मांडीवर ठेवून बसायच्या.

शेवटी मी जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका तरुण बाईला शोधून काढलं. तिने पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हे कुणी केलं असं विचारलं. मी म्हटलं, डॉक्युमेंट कंट्रोलने. मग तिने आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. गोंद वितळून कागदात शिरला आहे. पुढच्या बाजूचं प्लास्टिक काढलं तर पेन्सिल त्याच्याबरोबर जाईल, म्हणून ते तसंच ठेवायचं. मागची बाजू कोरी आहे. तिथलं प्लास्टिक औषध लावून सोडवता येईल. पण औषध झिरपून पुढे गेलं तर लिहिलेलं सगळं पुसलं जाऊ शकतं. आणि मागे उमटलेले अक्षरांचे उठाव लॅमिनेटरच्या रोलरखाली चेपले गेले आहेत. काही उरले असतील की नाही, ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही.

मी लगेच म्हटलं, मग नको. आहे तसं राहू दे. निदान मजकूर तरी सुरक्षित आहे.

“काढ,” मावशी म्हणाल्या.

मी म्हटलं, मावशी, अक्षरं जातील. संपाचा तो एकमेव अस्सल कागद आहे, पुढच्या पिढ्यांनी बघायचं काय? मी बरंच बोलले. तीस वर्षांची नोकरी बोलत होती. मावशींनी मला बोलून संपवू दिलं.

“शब्द मला पाठ आहेत,” त्या म्हणाल्या. “तू सहा झेरॉक्स काढून ठेवल्या आहेस. शब्द सगळ्यांचे आहेत. मागची बाजू माझी आहे.”

काम होईपर्यंत पानगळ संपली. मधल्या काळात मी मंडळातल्या बायकांना एकदाचं सांगून टाकलं की मी कुठे जाते. एकीने खरंच विचारलं की तिथे गाडी पार्क कुठे करता, आणि नंतर दोनदा माझ्याबरोबर येऊन टेपवर चिठ्ठ्या चिकटवून गेली. बाकीच्यांनी विषय बदलला. मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही, याची मला थोडी लाज वाटली.

बर्फ पडायला लागलं होतं तेव्हा आम्ही दोघी पान आणायला गेलो. पुढची बाजू प्लास्टिकखाली होती. मजकूर फिकट झाला होता, मधली एक ओळ जवळजवळ गेली होती, पण बाकी वाचता येत होता. मागे कागद उघडा होता, थोडा सुरकुतलेला. त्या तरुण बाईने तो मऊ कापडावर पालथा ठेवला आणि आधीच सांगितलं की फार आशा धरू नका. मावशींनी हात पुसले. क्रीम लावलं नव्हतं. बोट ठेवलं आणि वरून सुरुवात केली.

पहिली ओळ, काही नाही. दुसरी, काही नाही. चाळीस वर्षं माणसांची डोकी चाचपलेली ती बोटं, पण ती सपाट कागदावरून चालली होती. अर्धं पान संपलं. मी मनात म्हटलं, हे मी केलं, आणि आता मला हे बघत बसायचं आहे. मी बघत बसले.

खाली, उजव्या बाजूला बोट थांबलं. मागे गेलं, पुन्हा पुढे आलं आणि तिथेच राहिलं. मावशींनी श्वास सोडला. पुढे कुठलं अक्षर आलं आहे ते बघायला मी पान उलटायला हात पुढे केला. सवय, दुसरं काय.

“उलटू नकोस,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझं बोट तिथे नेऊन ठेवलं. मला काही लागलं नाही. नुसता कागद, आणि थोडा चिकट. लागलं का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

“खोटं,” त्या म्हणाल्या, आणि माझं बोट अर्धा इंच डावीकडे सरकवून वरून स्वतःचं बोट दाबलं.

होतं. साखरेच्या दाण्याएवढं, कदाचित त्याहून लहान. एका माणसाने तिथे पेन्सिल टेकवली होती, जोर लावून. मावशींनी त्यांचं बोट काढून घेतलं. मी माझं काढलं नाही.